भातातली वाट

मैनाचं लग्न ठरवताना तिचा बाप चांगो मुलाच्या घरी जाऊन आला होता, चहा पिऊन आला होता, पण खरं काय ते ठरलं त्याच्या स्वतःच्या खळ्यावर. डोळ्यांवर हात आडवा धरून तो खाचरांपलीकडे, साळवट गावाच्या कडेला असलेल्या एका कौलारू घराकडे बघत उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "चुलीचा धूर दिसतोय ना इथनं? मग झालं. सकाळी धूर दिसला की समजायचं, पोरगी बरी हाय."

मैनाच्या माहेरच्या, नांदळ्याच्या बाकीच्या मुली लांब गेल्या होत्या. कुणी मुरबाडला, कुणी पनवेलला. चुलत्याची बुधी तर पार जुन्नरकडे. ती दिवाळीला यायची आणि आल्याआल्या परतीच्या एसटीची चौकशी करायची. मैनाचं तसं नव्हतं. नांदळं आणि साळवट, दोन्ही गावं कशेळ्याच्या अलीकडची. मध्ये फक्त भाताची खाचरं, आणि त्यातली बरीचशी चांगोचीच. लग्नानंतर पहिला आठवडा संपतो न संपतो तोच मैना मूठभर मिरच्या मागायला माहेरी आली, तेव्हा सगळी आळी हसली.

"सासरी मिरच्या खात नाय काय गं?"

"खातात. पण नुसत्या रंगाच्या."

डांबरी रस्त्यानं जायचं तर प्रकरण वेगळं होतं. आधी साळवटहून चालत मुरबाड रस्त्याला यायचं, जीप कधी येते त्याची वाट बघायची, जीप भरेपर्यंत ड्रायव्हरच्या गप्पा ऐकायच्या, नांदळ्याच्या फाट्यावर उतरायचं आणि तिथून पुन्हा मागं वळल्यासारखं गावापर्यंत पायपीट करायची. मैनाचा नवरा मनोज मोहोपाड्याला केमिकल कंपनीत होता. त्याच्याकडे मोटारसायकल होती आणि तो सासुरवाडीला नेहमी रस्त्यानं जायचा. तो गाडी लावून अंगणात शिरायचा तेव्हा त्याच्यासोबत घरातून निघालेली मैना ओट्यावर पाय धुऊन बसलेली असायची. "तुझ्या बापानं भुयार खणलंय," असं तो म्हणायचा.

भुयार नव्हतं. वाट होती. आता ती वाट कशी, ते भाताच्या मुलखाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागेल. कापणी झाली, भारे खळ्यावर गेले की खाचरं मोकळी होतात. मग बांध ओलांडत नाकासमोर चालत सुटायचं. टोचणारी धसकटं पायाखाली हळूहळू मोडतात, माती घट्ट होते आणि पौषापर्यंत दोन गावांच्या मध्ये एक पांढरट रेघ उमटते. कुणी आखलेली नसते. वालाचं खाचर आलं तर रेघ तेवढ्यापुरती वळसा घेते आणि पुन्हा सरळ होते. मृगात नांगर येतो आणि रेघ मातीत जाते. चिखलणी, आवणी, हिरवंगार भात. तिथं वाट होती असं शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. मग चालायचं ते बांधावरून. थोडं उजवीकडे, थोडं समोर, पुन्हा डावीकडे, पुन्हा समोर, पायाखाली निसरडं गवत आणि बिळातून डोकावणारे खेकडे. त्याच दोन घरांमधलं चालणं पावसाळ्यात जवळजवळ दीडपट व्हायचं. कार्तिकात कापणी झाली की मैना पुन्हा सरळ चालायला लागायची. वर्षानुवर्षं ती रेघ पुरली जायची आणि वर्षानुवर्षं मैनाचे पाय ती वर काढायचे.

चांगो गेला तेव्हा त्याची जमीन तिघांच्या नावावर आली: बायको अंबाबाई, मुलगा रोहिदास आणि मैना. महिनाभरानं रोहिदास साळवटला आला. तो मैनापेक्षा लहान. आई आवणीला गेली की मैनानंच त्याला कडेवर घेऊन बांधावर फिरवलेला. उंबऱ्याशी बसून बराच वेळ तो चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

"बोल ना रं. हक्कसोडीचं बोलायला आलास ना?"

"लोक म्हनतात ताई, नंतर जावई लोक मागं लागतात."

"तुझा मेव्हना मागं लागंल असा वाटतो तुला?"

"तसा नाय गं."

मैनानं कटकट केली नाही. भावाच्या जमिनीत वाटा मागणारी बहीण तिच्या ओळखीत एकच होती आणि तिला भाऊबीजेला कुणी बोलवत नव्हतं. कर्जतला कचेरीत जाऊन मैनानं सही केली. बाहेर पडल्यावर रोहिदासनं तिला साडी घेतली, स्टेशनाजवळ वडापाव खायला घातला. वडा तोंडात असतानाच मैना म्हणाली, "मला काय नको. माझी वाट तेवढी ठेव."

रोहिदास हसला होता. "तुझी वाट कोन अडवनार गं? आपलंच शेत हाय."

एवढंच बोलणं. साक्षीला चटणी आणि तळलेली मिरची.

पुढची वर्षं बरी गेली. मैनाची मुलगी रुचिता कर्जतच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. करायला लागली. घरात गणित कळणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे रुचिता अभ्यास करायची तो आईला शिकवून. आईला कळायची गरज नव्हती. आईनं समोर बसून काहीतरी सोलत राहणं पुरेसं होतं.

"आई, दोन बिंदूंमधलं सगळ्यात कमी अंतर कुठलं?"

"सरळ जायाचं." मैना मोड आलेले वाल सोलत होती.

"ते कागदावर. कागद सपाट म्हणून. पृथ्वीच्या गोळ्यावर विमान सगळ्यात जवळच्या वाटेनं गेलं तरी नकाशात ती रेघ वाकडी दिसते. आणि ज्या शहरात नुसत्या उभ्याआडव्या गल्ल्या असतात ना, तिथं सरळ जाताच येत नाही. उभं किती, आडवं किती, दोन्हीची बेरीज करायची. तेच तिथलं अंतर. त्याची भूमितीच वेगळी."

"बरं."

"बरं काय? आपण पावसात आजीकडं जातो बांधावरनं, तसं. आणि तसंच चालायचं ठरवलं ना, तर वर्तुळसुद्धा गोल राहत नाही. कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौकोनासारखं दिसतं."

"चौकोनी वर्तुळ," मैना म्हणाली. "रोज बसनं धक्के खात जातेस ती हे शिकायला?"

"अगं, घर तिथंच असतं. बिंदू तेच. कुठून जायला मुभा आहे, त्यावर अंतर ठरतं."

"मुभा कसली? मामाचं शेत हाय."

"मामाच्या शेताचं नाही गं, पुस्तकातलं सांगतेय. म्हणजे अंतर कसंही मोजा, काही नियम पाळावेच लागतात. इथून तिथं जेवढं, तेवढंच तिथून इथं. हा नियम सगळीकडे."

"हे काय शिकवायला लागतं?" असं म्हणून मैनानं सालं कोंबड्यांना टाकली.

त्याच वर्षी श्रावणात अंबाबाई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण म्हातारी उठली ती वॉकर धरूनच, तीसुद्धा खाटेपासून दारापर्यंत. तेव्हापासून मैनाचा दिवस तिच्या आईभोवती बांधला गेला. सकाळी मनोजचा डबा भरून दिला की ती बांधावरून निघायची. आईला न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, मऊ भात भरवायचा, गोळ्या द्यायच्या. संध्याकाळी पुन्हा एक खेप. तिची भावजय जना दारात उभी राहून बघायची. कधी पाण्याची बादली पुढं करायची, कधी तेवढंही नाही.

"ताई, तुमच्या हाताची सवय हाय त्यांना," जना म्हणायची. "माझा हात लागला तरी बोंबलतात."

मैनाला ते कौतुक वाटायचं. आपल्यावाचून आईचं चालत नाही, हे कुणाला आवडत नाही?

दिवाळी झाली. कापणी उरकली. मैनाच्या सासरच्या खाचरांत यंदा मजूर मिळाले नाहीत म्हणून ती स्वतः विळा घेऊन उतरली होती आणि ते चार दिवस तिच्या दोन्ही खेपा चुकल्या होत्या. पाचव्या दिवशी ती आईसाठी तांदळाची खीर घेऊन निघाली. पहिल्या बांधावर चढली आणि थांबली.

समोर भिंत होती. सिमेंटचे तयार खांब उभे करून त्यांच्या खाचांमध्ये फळ्या सरकवतात, तसलं कंपाउंड. रोहिदासच्या तीन खाचरांभोवती ते उभं राहिलं होतं. एका टोकाला ओढ्याला टेकलेलं आणि दुसऱ्या टोकाला आधीच झालेल्या एका फार्महाउसच्या जाळीला चिकटलेलं. आत जेसीबी धसकटं उपटत होता. भिंतीच्या वरून माहेरच्या घराचा पत्रा दिसत होता, पडवीच्या दोरीवर वाळत घातलेलं आईचं हिरवं लुगडं दिसत होतं.

मैना भिंतीच्या कडेकडेनं ओढ्यापर्यंत गेली. तिथं दरड होती. उलटी फिरून जाळीपर्यंत आली. जाळीपलीकडचा कुत्रा तिच्यावर भुंकायला लागला. खीर तशीच घेऊन ती रस्त्याला गेली, जीपमध्ये बसली, फाट्यावर उतरली आणि माहेरी पोचली तेव्हा खीर डब्यातून सांडून तिच्या पदराला लागली होती.

"शेत विकलंस?"

रोहिदास जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला. "आमच्या ओमकारचं लग्न करायचं हाय ताई. पोरी विचारतात, स्लॅबचं घर हाय का. ठान्याची पार्टी आली, जमला."

"आनि मला सांगायला तुझ्या तोंडाला काय झालेलं?"

"सांगनार होतो."

"वाट ठेवीन म्हनालेलास."

"वाट कुठं विकली गं? शेत विकलं." आणि मग, आपण काय बोललो ते स्वतःलाच नीट ऐकू आल्यासारखा तो ताटाकडे बघत म्हणाला, "रस्ता हाय ना डांबरी. जीपा चालू असतात."

मैना आत गेली. अंबाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आये, तुझ्या अंगठ्याशिवाय हे झालंच नसंल. काय सांगून लावून घेतला तुझा अंगठा?"

म्हातारीनं पदर तोंडावर ओढून घेतला. मैनानं समजायचं ते समजून घेतलं. भोळी बाई. मुलानं कागद पुढं केला, हिनं अंगठा टेकला.

त्यानंतर मैना रस्त्यानं जायला लागली. घरची कामं, जीपची वाट, फाट्यापासूनची पायपीट. एका खेपेत अर्धा दिवस जायचा. संध्याकाळची खेप बंद झाली. मग रोजची एक दिवसाआडवर आली. दारात जना विचारायला लागली, "आज येनार होतात काय? मी आत्ताच न्हाऊ घातलं." आईचे केस विंचरलेले असायचे. भांग जरा वाकडा असायचा, पण विंचरलेले असायचे. मैना बसायची, चहा घ्यायची आणि परतीच्या जीपची वेळ झाली की उठायची. एकदा तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. ती जनाला विचारत होती, शेवटची जीप किती वाजता असते. बुधीसारखी. त्या रात्री तिनं मनोजला सांगितलं, "मी वाट मागनार. कचेरीत अर्ज करनार."

मनोजनं तिला अडवलं नाही, फक्त विचारलं, "भाऊ सुटेल. चालेल?"

"आई सुटतेय त्याचं काय?"

अर्ज रुचितानं लिहिला. वहिवाटीची वाट असेल तर ती अडवता येत नाही, हे मैनाला कशेळ्याच्या बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या वकिलानं सांगितलं होतं. मात्र वाट होती हे दाखवायला हवं. दाखवणार कोण? नांदळ्यात कुणी रोहिदासच्या विरुद्ध बोलणार नव्हतं. त्याच्याच मागून दुसऱ्या चौघांना आपापली खाचरं त्या ठाण्याच्या पार्टीला विकायची होती. साळवटचे लोक म्हणाले, आमाला काय म्हाईत, तूच जायचीस. मैना रुचिताला म्हणाली, "आई हाय ना. तिनं मला तिकडनं येताना रोज बघितलंय. खाटेवर पडल्या पडल्या सांगायची, आलीस गं, दुसऱ्या बांधावर दिसलीस तेव्हाच जनाला चहा टाकायला सांगितला."

स्थळपाहणीच्या दिवशी तहसील कचेरीतून सर्कलसाहेब आले. तरुण होते, बोलायला सरळ होते. गावचा नकाशा त्यांनी गाडीच्या बॉनेटवर पसरला. रोहिदास हात मागं बांधून उभा होता. ठाण्याच्या माणसानं वकील पाठवला होता, तो सारखा रुमालानं बुटावरची माती पुसत होता.

"नकाशात वाट नाही," साहेब म्हणाले.

"कशी असंल साहेब? ती दरसाल नांगरात जाते. कापनी झाली की परत पडते."

"मग यंदा पडली होती का?"

"यंदा पडायच्या आधीच भिंत आली."

रुचितानं मोबाइल काढला. उपग्रहावरून घेतलेलं चित्र तिनं मोठं करून दाखवलं, दोन्ही घरांची छपरं त्यात ओळखू येत होती. पण चित्र पावसाळ्यातलं होतं. मधे हिरवे चौकोन आणि चौकोनांच्या कडा, बाकी काही नाही. रुचितानं ते पुढंमागं सरकवून बघितलं. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"बांधावरून जाता की मधून?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही. पावसात बांधावरनं, उन्हाळ्यात मधनं."

"म्हणजे वाट एकच नाही."

"जानं एकच हाय," मैना म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "जुनं जाणतं कुणी आहे का जे सांगेल?"

"माझी आई हाय."

सगळे घरी आले. अंबाबाईला जनानं आधीच पडवीत खुर्चीवर आणून बसवलं होतं. स्वच्छ लुगडं, कपाळाला नीट लावलेला बुक्का. साहेब खाली वाकून मोठ्यानं बोलले. "आजी, तुमची मुलगी इथून शेतातून ये-जा करायची ना? ती वाट होती का?"

म्हातारीनं आधी भिंतीकडे पाहिलं, मग रोहिदासकडे. मैना खांबाला टेकून उभी होती, तिच्याकडे पाहिलं नाही.

"भातात कुठं वाट असते साहेब? पीक उभं असल्यावर कोन चालतो?"

"आणि पीक काढल्यावर?"

"मंग काय, ढोरं पन चालतात. जो तो वाटंल तिकडनं जातो. त्याला काय वाट म्हनायची?"

"आये," मैना म्हणाली.

"विचारलं ते सांगितलं," अंबाबाई म्हणाली.

एकही शब्द खोटा नव्हता. मैना नंतर किती तरी वेळा तो जबाब मनात घोळवून बघणार होती आणि तिला त्यात खोटं असं काही सापडणार नव्हतं. साहेबांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, जनानं शाईचा पॅड धरला, अंगठा उमटला. वकिलानं रुमाल खिशात घातला. जाताना साहेब मैनाला म्हणाले, "बाई, मला जे सांगतील तेच मी लिहिणार." ते बोलणं वाईट नव्हतं. रुचिता म्हणाली, मी फाट्यावर थांबते, आणि कुणाकडे न बघता चालायला लागली.

रोहिदास पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. जना चुलीकडे गेली. पडवीत दोघीच राहिल्या.

मैना आईसमोर खाली बसली. "त्यानं धमकावलं काय तुला? जेवायला देनार नाय म्हनाला?"

"रोहिदास? तो कशाला धमकावतो? त्याला तर तुझ्यासमोर उभं राहायला होत नाय."

"मग?"

अंबाबाईनं वॉकरच्या दांड्यावर हात ठेवला. "तो म्हनला, रस्त्याच्या अंगाची पट्टी विकू. भाव पन तिचाच चांगला येत होता. मीच म्हनले, ती नको. ही वीक."

मैनाला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग कळलं की नीट ऐकू आलंय.

"माझ्या वाटंची?"

"तू रोज यायचीस. न्हाऊ घालायचीस, वेनी घालायचीस. ही दारात उभी. हिला वाटायचं, म्हातारी लेकीची हाय, लेक करील. तू गेलीस का घरी, की मंग मी कुनाची? रात्री घसा सुकायचा. हाक मारली तर ऐकून न ऐकल्यासारखी करायची. सकाळी येईल ना हिची लेक, म्हनायची रोहिदासला. मला ऐकू येतं. पाय गेला, कान नाय गेले."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू दोनदाच्या जागी तीनदा आली असतीस."

मैना खरंच तीनदा आली असती.

"मी तुला म्हनाले होते, माझ्याकडं चल. मनोजनं खाट पन आनलेली."

"लेकीच्या घरी जाऊन मरू? लोक रोहिदासच्या तोंडात शेन घालतील." म्हातारीचा आवाज थकला होता, पण डगमगत नव्हता. "मला इथंच पडून राहायचं हाय. हिच्याच हातचं पानी प्यायचं हाय. ते पानी हिनं द्यायला पायजे. आता देते. तू यायची थांबलीस तवापासून देते."

"मी थांबले नाय. तू थांबवलंस."

"हो," अंबाबाई म्हणाली. "मी."

मैना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. रोहिदासवर ती चिडली होती, मनातल्या मनात त्याला हजार शिव्या घातल्या होत्या आणि त्या चिडण्यात एक आधार होता. आई आपल्या बाजूची आहे, तिला फसवलंय, आपण तिच्यासाठी भांडतोय. महिनाभर ती त्यावरच तर चालली होती, जीपमधून, फाट्यापासून, कचेरीच्या जिन्यावरून. आणि इथं ही बाई खाटेवर पडल्या पडल्या दोन पट्ट्यांमधून नेमकी वाटेची पट्टी निवडत होती.

आतून जना वाटी घेऊन आली. मऊ भात, त्यावर वरण आणि कडेला मिठाची चिमूट. ती खाली मांडी घालून बसली, घास फुंकला आणि पुढं केला. अंबाबाईनं तोंड उघडलं. मैनाच्या हातून भरवून घेताना ती दहा खोड्या काढायची, गरम हाय, आळणी हाय, पुरे झाला. आता मुकाट गिळत होती. ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळलं तेव्हा जनानं बोलता बोलता आपल्या पदरानं पुसलं. स्वतःच्या लक्षातही न येता पुसलं.

"तुमी पन जेवा ताई," जना म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"नको. पोरगी फाट्यावर उभी हाय."

मैना उठली. पदर खोचला, चपला पायात सरकवल्या. मागून आईचा आवाज आला.

"जना, तिची ओटी भर गं. रस्त्यानं जातेय."

मैना तशीच थबकली. माहेरची मुलगी लांबच्या सासरी निघाली की तिची ओटी भरतात. बुधीची भरतात. मैनाची या घरात भरली गेली ती दिवाळीला, हळदीकुंकवाला, तीसुद्धा आठवण झाली तर. बाकीच्या दिवशी ती बांध उतरून यायची आणि बांध चढून जायची, तिला कोण निरोप देणार? जना लगबगीनं आत गेली. सुपात तांदूळ, सुपारी, नारळ, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. कपाळाला कुंकू लावलं आणि ओंजळ भरून उभी राहिली.

ओटी नाकारता येत नाही. कितीही भांडण असलं तरी भरल्या ओंजळीसमोरून सवाष्ण बाई पाठ फिरवत नाही. मैनाच्या आईनंच तिला ते लहानपणी शिकवलं होतं. तिनं पदर पसरला. तांदूळ पडले. नारळ पडला. जना वाकून पाया पडली.

"पाया पड गं आयेच्या," रोहिदास दारातून म्हणाला. तो केव्हा परत आला ते कुणाला कळलं नव्हतं.

मैना वाकली. म्हातारीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढून घेतला नाही. मैनालाच शेवटी डोकं बाजूला करावं लागलं.

"चल, फाट्यापर्यंत सोडतो," रोहिदास म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता त्यानं मोटारसायकल सुरू केली. नाही म्हणायचं तर उन्हातून पायी जायचं होतं आणि पोरगी ताटकळत होती. मैना मागं बसली. एका हातात ओटीचा पदर घट्ट आवळलेला.

"खांद्याला धर ताई. रस्ता खराब हाय."

तिनं दुसरा हात मागं नेला, कॅरिअरची लोखंडी पट्टी चाचपली आणि तीच मुठीत धरली. गाडी खड्ड्यातून उसळली तशी तांदळाची एक धार पदराच्या घडीतून सुटून रस्त्यावर सांडत गेली. तिनं ती सावरली नाही.